कै. लक्ष्मीबाई टिळक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा अध्यक्षीणबाईंनी सांगितले की प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यायलाच हवे. कुणी आंबाडीच्या भाजीची कृती दिली, कुणी रोवणीच्या वेळची गाणी उतरवून दिली. माझ्या वाट्याला एका थोर स्त्रीचे चरित्र आले. मी सातवी झालेली बाई. लग्न झाल्यापासून किराण्याच्या यादीपलीकडे फारसे लिहिलेले नाही, तेव्हा चुकले माकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

चरित्र कुणाचे लिहावे हा प्रश्न मला फार दिवस पडला नाही. मंडळाच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' नावाचे एक जुने पुस्तक आहे. गेल्या पावसाळ्यात ते मी घरी नेले. दोन दिवसांत परत देईन म्हणाले होते, ते दिवाळीपर्यंत ठेवून घेतले आणि दोनदा वाचले. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या संसाराची हकीकत त्यात लिहिली आहे. टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. हे टिळक दुसरे. नारायण वामन टिळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, 1861 साली जन्मलेले. मोठे कवी होते, आणि पुढे ख्रिस्ती झाले म्हणून त्यांना रेव्हरंड टिळक म्हणतात. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. 1857 च्या बंडानंतर आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि तेव्हापासून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेडच म्हणायला हवे. बाजारातून आलेली प्रत्येक जिन्नस धुतल्याखेरीज घरात यायची नाही, मीठसुद्धा! मीठ धुतले तर उरणार काय, हे त्यांना कोण सांगणार? लेकरांचे आणि बायकोचे त्या पाण्यापायी जे हाल झाले ते वाचताना हसूही येते आणि वाईटही वाटते. मनूला पुढे तिच्या आत्याच्या घरी, गोविंदराव खांबेट्यांकडे, नाशिकला ठेवले. तिथूनच लग्न झाले. नवरी अकरा-बारा वर्षांची, नवरा अठराचा.

नवरा विद्वान आणि कवी, मनाने दिलदार, पण तापट आणि कुठेही फार दिवस न टिकणारा. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. कधी न सांगता निघून जायचे. हातात पैसा आला की कुणा गरजवंताला द्यायचे आणि घरात पीठ नाही हे विसरायचे. असा नवरा कुणाच्या वाट्याला आला असेल तर तिला वेगळे सांगायला नको. सासरेही फार कडक. लक्ष्मीबाईंना लग्नाआधी अक्षरओळख नव्हती, नवऱ्यानेच शिकवले. एवढे मात्र त्यांचे उपकार.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती आपल्या अगदी दारातली आहे. टिळक पुढे नागपूरला आले. तिथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते ग्रंथांचे काम करीत होते आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवीत होते. धर्म, जातिभेद, देव म्हणजे काय, याच विचारांनी त्यांचे डोके तेव्हा भरलेले असे. नागपूरचे जमेना तेव्हा त्यांनी राजनांदगाव संस्थानात नोकरी धरली. हे राजनांदगाव आज छत्तीसगडात आहे. 1893 च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्यांनी यांना आदराने जागा दिली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर गोष्ट आली. उतरताना त्या गृहस्थांनी यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि हे वाचत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हसण्यासारखे वाटले. पण दिलेल्या शब्दाखातर पुस्तक वाचायला घेतले, आणि डोंगरावरचे प्रवचन आले तिथे अडकून पडले.

भगिनींनो, नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. तेव्हाही दुसरा रस्ता नव्हता. आपल्या कुडव्याला रात्री निजानीज झाली की जिची शिट्टी ऐकू येते तीच ही लाईन. पुढे लक्ष्मीबाईही राजनांदगावला नांदायला गेल्या, त्या याच वाटेने गेल्या असणार. पुस्तकात हे वाचले तेव्हा मी ते मांडीवर तसेच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. आपल्या गोंदियाच्या फलाटावरून एवढी मोठी गोष्ट निघून गेली, आणि कुणाला पत्ता नाही!

त्या प्रवचनात असे काय आहे? मी आपल्या एका ख्रिस्ती शेजारणीकडून पुस्तक मागून ते प्रकरण वाचले. थोडक्यात सांगायचे तर येशू डोंगरावर बसून लोकांना सांगतो की आपला द्वेष करणाऱ्यावर प्रेम करा, आपल्याला छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा. देवाला काही अर्पण करायला निघालात आणि भावाचे आपल्याशी काही वाकडे आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाची समजूत घालून या. आणि तुम्ही दुसऱ्याला क्षमा केली नाही तर देवाने तुम्हाला करावी अशी आशा ठेवू नका. ख्रिस्ती लोक मानतात की माणसाचे पाप त्याच्या स्वतःच्या स्नानाने, उपासाने, दानाने फिटत नाही. ते येशूने वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतले, माणसाने पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवायचा, की देवाशी तुटलेले नाते जुळते. हे मी ऐकल्यावाचल्याप्रमाणे लिहिले आहे. मी माझ्या तुळशीला रोज पाणी घालणारी बाई, दुसऱ्याच्या धर्माचे काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास त्या शेजारणीने माफ करावे.

टिळकांनी मन पक्के केले, पण बायकोला विश्वासात घेतले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. वय सव्वीस, पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू. आज कुणी धर्म बदलला तर चार दिवस चर्चा होते आणि सारे आपापल्या कामाला लागतात. त्या काळी ब्राह्मणाघरी तो माणूस मेल्यासारखाच. बायको धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. कुंकू लावावे तर लोक हसतात, पुसावे तर नवरा जिवंत. लक्ष्मीबाईंना वेड लागायची वेळ आली होती. बहिणीने आणि तिचे यजमान पेंडसे यांनी त्यांना पंढरपूरला आपल्या आधाराला ठेवून घेतले. टिळक दत्तूला घेऊन जातील ही धास्ती सगळ्यांना होतीच. पण याच दिवसांत त्यांनी कविता करायला सुरुवात केली. दुःख कुठे तरी सांडायला हवे होते.

जवळजवळ पाच वर्षे अशी गेली. टिळक पत्रे पाठवीत, मधून मधून भेटायला येत. बायकोने धर्म बदलावा अशी जबरदस्ती त्यांनी केली नाही. शेवटी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे गेल्या. गेल्या, पण आपला धर्म घेऊन गेल्या. सोवळे वेगळे, चूल वेगळी, पाणी स्वतःच्या हाताने भरायचे. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ ब्राह्मण, आणि दोघांचा संसार चालला आहे! आजच्या दिवसांतसुद्धा असे किती घरांत खपेल?

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. मी पुस्तकात शोधून पाहिले की या बाईने नवऱ्याला क्षमा केली ते नेमके कुठल्या पानावर. ते कुठेच नाही. एवढ्या ओळीत मी त्यांना माफ केले असे त्यांनी लिहिलेलेच नाही. मात्र नवऱ्याने काय काय केले ते एकूण एक लिहिले आहे. संताप, न सांगता निघून जाणे, उधळेपणा, सगळे, काही झाकून ठेवलेले नाही. आणि तरी ते वाचताना त्या माणसाचा राग येत नाही, कारण लिहिणारीच हसत हसत लिहिते. स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणाने सांगते. मला इतकी वर्षे वाटत होते की क्षमा करायची म्हणजे जे झाले ते झालेच नाही असे म्हणायचे. या बाईंनी तसे केले नाही. झाले ते झाले म्हणून सांगितले आणि त्याच माणसाच्या घरी जाऊन चूल मांडली.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या वडिलांच्या मागे शेताच्या वाटणीचे झाले तेव्हा भावाने माझ्याकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली. कागदावर काय आहे ते मला वाचू दिले नाही, घाई आहे म्हणाला. दोन बांध्या मला मिळतील असे वडील जिवंतपणी बोलले होते. बांध्यांचे तितके नाही. मला सातवी झालेलीला वाचता येते हे ठाऊक असून त्याने कागद हाताखाली दाबून धरला, ते मनातून जात नाही. त्याला आता नऊ वर्षे झाली. नऊ भाऊबीजा मी माहेरी गेले नाही. आपल्या मंडळातल्या पुष्कळजणींनी अशा कागदांवर सह्या केल्या आहेत हे मला माहीत आहे, कारण हळदीकुंकवाला तेच बोलणे निघते. म्हणून त्या प्रवचनातले अर्पण तिथेच ठेवून परत फिरण्याचे वाचले तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. त्यात आणखी एक गंमत अशी की भावाचे आपल्याशी वाकडे असेल तर आपण जायचे असे तिथे म्हटले आहे. चूक कुणाची हे विचारलेलेच नाही. मला ते पटलेले नाही. पण डोक्यातून जातही नाही.

असो. लक्ष्मीबाईंकडे वळू.

नवऱ्याच्या घरी राहू लागल्यावर त्यांच्या मनात जातीबद्दल विचार सुरू झाले. देवाने बाई केली, पुरुष केला, या जाती कुणी केल्या? एके दिवशी हे सारे इतके लख्ख दिसले की आजपासून कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. नवऱ्याने सांगितले म्हणून नव्हे, मिशनच्या साहेबांनी सांगितले म्हणून तर नव्हेच. मीठ धुणाऱ्या बापाची ती लेक! किती पाणी ओतले तरी बापाचे समाधान झाले नव्हते, मन शुद्ध झाल्यासारखे त्यांना कधी वाटलेच नाही. लेकीला वाटले की शुद्ध होणे आपल्या हातचे नाही, ते देवाने द्यायचे आणि आपण घ्यायचे. मग 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या पाठोपाठ बायको गेली असे लोक म्हणतात. पाच वर्षे नवऱ्यावाचून काढून, आणि पुढे त्याच्याच घरात वेगळी चूल मांडून, मग जी जाते ती पाठोपाठ गेली असे मला तरी वाटत नाही.

तो काळ छप्पन्नच्या दुष्काळाचा. राहुरीकडे माणसे अन्नावाचून मरत होती, पोरकी मुले रस्त्यावर होती. टिळक अशी मुले घरी आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना न्हाऊमाखू घालून, उवा काढून, जेवू घालून माणसांत आणीत. पूर्वी ज्यांची सावली चालत नव्हती त्यांची मुले आता त्यांच्या पंगतीला होती. पुढे नगरला प्लेग आला. घरचे माणूस आजारी पडले तरी लोक सोडून पळत, अशा वेळी या बाई प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. टिळकांची ख्रिस्ती भजने आणि कीर्तने झाली तशी लक्ष्मीबाईंनीही कीर्तने केली. ख्रिस्ती झाले म्हणजे साहेब व्हायचे हे टिळकांना मुळीच मान्य नव्हते. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच मी ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. अभंगाच्या चालीवर रचलेली त्यांची गीते मराठी देवळांत अजून म्हटली जातात, असे माझी शेजारीण सांगते. इथे देवळांत म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये. तीही त्याला देऊळच म्हणते.

'फुलराणी' लिहिणारे बालकवी ठोंबरे या दोघांच्या घरी नगरला मुलासारखे राहिले होते. लक्ष्मीबाईंचा त्यांच्यावर फार जीव. 5 मे 1918 ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. उणे-अधिक अठ्ठावीस वर्षांचे वय. टिळकांनी त्याच्या आधी, 1917 च्या सप्टेंबरात, मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला होता. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे यायला मोकळीक होती. साठीकडे झुकल्यावर पुन्हा संसार मोडून नवा डाव! या वेळी मात्र बाई घाबरल्या नाहीत, त्यांना आता सवय झाली होती. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात टिळक वारले.

नवरा गेल्यावर त्या सतरा वर्षे जगल्या. काही काळ मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून राहिल्या, मग कराचीला दत्तूकडे. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतले होते, 'ख्रिस्तायन' त्याचे नाव. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि 64 अध्याय लिहून पुरे केले. ज्या धर्मापायी संसाराची राखरांगोळी झाली होती त्याच धर्माची पोथी नवऱ्याच्या मागे बायकोने तडीस नेली. मला वाटते, मी पानापानांतून शोधत होते ती क्षमा इथे असावी. शब्दांत नसून या चौसष्ट अध्यायांच्या कष्टांत.

आठवणी त्यांनी मुलाच्या आग्रहावरून लिहिल्या. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांच्या चरित्रासाठी माहिती हवी होती. बाई बोलतात तशा लिहीत गेल्या. त्या 'संजीवनी' साप्ताहिकात आल्या आणि मग 1934 पासून पुस्तकाचे भाग निघाले. शाळेत न गेलेल्या बाईचे पुस्तक मराठीत पहिल्या रांगेत जाऊन बसले. पुढे इंग्रजीतही गेले. चौथा भाग पुरा होण्याआधीच 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या. राहिलेले मुलाने पुरे केले.

हे लिहून होईतो यंदाची दिवाळी पंधरा दिवसांवर आली. धाकटी मुलगी विचारते आहे की मामाकडे जायचे का. तिने मामाला नीट पाहिलेलेही नाही. मी तिला अजून काही सांगितलेले नाही. परवा मात्र भावासाठी करंज्यांचा एक डबा वेगळा काढून ठेवला, आणि मग पुन्हा त्या करंज्या मोठ्या डब्यात ओतल्या. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली, मला नऊ झाली आहेत.

पुस्तक मी मंडळाच्या कपाटात वरच्या खणात परत ठेवले आहे. मधली काही पाने सुटली होती ती खळीने चिकटवली आहेत, तेव्हा नेणारीने जपून हाताळावे. राजनांदगावचे प्रकरण आधी वाचावे असे मी सांगेन, पण ज्या भगिनीला हसायचे असेल तिने अगदी सुरुवातीपासून, मीठ धुण्यापासून वाचावे.